भाड्याच्या जिन्याची शपथ

"इसार दिलाय मी, इसार. तुझ्या नावानं. आज सांजच्याला सही झाली न्हाई तर त्या माणसाला काय तोंड दावू? तू खाली ये आधी."

रविवारची सकाळ. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, साताऱ्याहून येऊन आमच्या सांगलीतल्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये उभा राहून बोलत होता. ओरडत होता असं मी म्हणत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं ते बोलणंच असतं. उभा जन्म त्यानं साताऱ्याच्या एसटी डेपोत चालू इंजिनात डोकं घालून काढला. इंजिन बंद न करता पलीकडच्या माणसाकडं पाना मागायचा, तर आवाज त्या मापाचा लागतो. निवृत्त झाल्यावर इंजिन थांबलं, आवाज तसाच राहिला. तो आमच्या गेटाशी बोलला की दोन गल्ल्या पलीकडच्या दवाखान्यात पेशंट उठून बसतात. एक म्हातारे तर त्याच आवाजानं शुद्धीवर आले आणि बिल बघून परत बेशुद्ध झाले, असं तिथला कंपाउंडर सांगतो. कंपाउंडर सांगत नाही, मीच सांगतो, पण लोकांना ते कंपाउंडरच्या तोंडून जास्त पटतं.

चारही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. कुणी दात घासत, कुणी मांडीवर पोर घेऊन. आमची बायको दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून वाकली.

"आवं दादा, वर या की. चहा टाकलाय."

"चहा खाली सोड."

आणि तिनं सोडला. भाजी वर घ्यायला आमच्या गॅलरीला दोरी बांधलेली एक प्लॅस्टिकची बादली आहे. तिच्यात थर्मास, कप, दोन खारी बिस्किटं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर वरवंटा, अशी ती सवारी सरसर खाली गेली. दादानं एका स्कूटरच्या सीटवर रुमाल पसरला, कप मांडला, वरवंटा नीट बाजूला ठेवला. गेली तीन वर्षं हे असंच चाललंय. कारण तीन वर्षांपूर्वी त्यानं शपथ घेतली होती, की जोवर मी स्वतःच्या घरात राहायला जात नाही, तोवर भाड्याच्या जिन्यावर तो पाय ठेवणार नाही. शपथ माझ्या जिन्याविरुद्ध होती, माझ्याविरुद्ध नव्हती. त्यामुळं महिन्यातून एकदा तो यायचा, खाली बसायचा, आणि आम्ही वरून संसार सोडायचो. नागपंचमीला त्याच बादलीतून पुरणाची दिंडं गेली. एकदा कटाची आमटी पाठवली, ती पहिल्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या साड्यांना वाटेत थोडी पाजून गेली. पहिल्या मजल्याशी आमचं तेव्हापासून जरा जपूनच असतं.

इसाराचं सांगतो. जागेचा सौदा पक्का करताना आगाऊ जे देतात तो इसार. आमच्याकडं थोरल्यानं धाकट्याच्या नावानं इसार द्यायला धाकट्याला विचारावं लागत नाही. शाळेत माझं नाव त्यानंच घातलं, जन्मतारीख त्यानंच ठरवली, आणि मुलगी बघायलाही तो आधी एकटाच जाऊन आला होता. "बरी हाय, हसती," एवढंच येऊन सांगितलं. ते निघालं खरं. त्यामुळं साताऱ्यात त्याच्या बंगल्याला लागून असलेला प्लॉट विकायला निघाल्यावर माझ्या नावानं इसार देताना त्यानं दोनदा विचार केला नसणार. भिंतीला भिंत, कंपाउंडमधनं एक दार, दोन्ही भाऊ म्हातारपणी शेजारी. वहिनी जाऊन दीड वर्ष झालं होतं. पोरं पुण्या-बंगळुराला. पाच खोल्यांच्या घरात दादा एका खोलीत राहायचा, आणि वरच्या मजल्याला त्यानं कुलूप घातलं होतं. हे त्यानं मला सांगितलं नव्हतं, दूधवाल्यानं सांगितलं होतं. प्लॉट घ्यायचा की नाही हा प्रश्न म्हणजे खरं तर दादा एकटा राहणार की नाही, हा प्रश्न होता. मला ते कळत होतं, म्हणूनच मी वरून खाली यायला वेळ लावत होतो.

पैशाची अडचण असती तर सोपं होतं. पैसे नाहीत म्हटलं की मोठमोठ्या शपथा सुटतात. पण कुपवाडला माझं पंपाचे सुटे भाग करायचं वर्कशॉप आहे, बरं चालतं. बायको हायस्कूलला शिक्षिका, निवृत्तीला दोन वर्षं. मुलगी नोकरीला लागलीय. बँकेत ठेवी अशा गाढ झोपल्यात की मॅनेजर मला बघून कुजबुजत बोलतो. आणि आम्ही राहतो दोन खोल्या नि स्वयंपाकघरात. हॉल एवढा की सोफ्याचा पलंग केला तर दार उघडत नाही, आणि दार उघडायचं तर पाहुण्याला उभ्यानं झोपावं लागतं. माझ्या कामगारांपैकी तिघांची स्वतःची घरं आहेत. त्यांच्या वास्तूला मी आहेर घेऊन जातो, ते मला सगळ्या खोल्या दाखवतात, आणि शेवटी दबक्या आवाजात विचारतात, "साहेब, तुमचं कवा?"

या प्रश्नाला मी गेल्या बावीस वर्षांत एकदाही खरं उत्तर दिलं नव्हतं. विमा एजंटाला सांगितलं की पोहायला गेलो असताना कृष्णेतल्या एका मगरीशी माझी कुरबूर झालीय, तिनं मला ओळखून ठेवलंय, पत्ता कायमचा केला तर ती दारात येईल. तो म्हणाला, मगरीचं कव्हर वेगळं घ्यावं लागेल. शेजारच्या शेडवाल्याला सांगितलं की मागच्या जन्मी मी घरमालक होतो, भाडेकरूंच्या शिव्यांनी मेलो. पहिल्या मजल्यावर अशी कुजबुज सोडली की माझे तीन बंगले आहेत, पण ते मी कुणाला सांगत नाही. तो महिना मोठा मानाचा गेला. लोक मला पार्किंगमध्ये वाट द्यायचे. मग कुणीतरी लग्नाला बंगला मागायला आलं आणि मला दोन दिवस शिराळ्याला मावशीकडं जाऊन राहावं लागलं.

खरं कारण सांगायचं तर आप्पांपासून सुरुवात करावी लागते. आप्पा म्हणजे आमचे वडील, गवंडी. आमचं गाव कडेगावकडचं, पण गावात आम्ही सणापुरते. आप्पांना काम साताऱ्यात. आणि गवंड्याची रीत अशी की साईट चालू असेपर्यंत बिऱ्हाड साईटवरच. मालकाला फुकट राखण, आम्हाला फुकट छप्पर. मी जन्मलो तो एका वकिलाच्या नियोजित बेडरूममध्ये, असं आई सांगायची. चौदाव्या वर्षापर्यंत मी साताऱ्यातल्या सत्तर बंगल्यांत राहिलो. दादा म्हणतो नऊ. नऊ तर नऊ. पण नऊ बंगले. ज्या हॉलमध्ये पुढं झुंबर लागलं तिथं मी लंगोटीवर गोट्या खेळलोय. ज्या खिडक्यांना पुढं जाळ्या बसल्या त्यांतून कंदिलाच्या उजेडात अजिंक्यताऱ्याकडं बघत जेवलोय. दारं नसायची. वारा यायचा, कुत्री यायची, मालक-मालकीण यायची. मालकीणबाई वाळूच्या ढिगावर आईशेजारी बसून तिच्या हातची भाकरी मागून खायच्या. मालक आप्पांना विचारायचे, "मिस्त्री, देवघर इथं बरं दिसेल का तिथं?" देवघर कुठं असावं हे आप्पा ठरवायचे.

आम्ही बौद्ध. गावात आमची घरं ओढ्याच्या पलीकडं. साईटवर मात्र ओढा नव्हता, कारण अजून घरच नव्हतं. विटा, वाळू, माणसं, सगळं एकात एक. मग चौकटीत दार बसायचं. दार बसलं की आम्ही निघायचो, हातगाड्यावर बाज, बाजेवर भांडी बांधून पुढच्या साईटवर. वास्तुशांतीला आमंत्रण यायचं, आणि आमची पानं पोर्चमध्ये मांडलेली असायची. वाढायला त्याच मालकीणबाई. तसंच हसायच्या, आग्रहही करायच्या. फक्त आत या म्हणायच्या नाहीत. मी लहान होतो, मला वाटायचं हे दारामुळं होतं. दार नव्हतं तोवर बाई चांगल्या होत्या. दारानं काहीतरी केलं.

दादानं यातून एक धडा घेतला, मी दुसरा. दादानं ठरवलं, असं दार आपलं असलं पाहिजे. डेपोत ओव्हरटाइम करकरून त्यानं साताऱ्याबाहेर जागा घेतली आणि बंगला बांधला. गृहप्रवेशाच्या दिवशी बुद्धवंदना झाल्याबरोबर त्यानं आप्पांचा हात धरला आणि हॉलमध्ये क्षणभर न थांबता त्यांना थेट स्वयंपाकघरात नेऊन ओट्यापाशी पाटावर बसवलं. पहिलं पान तिथं. आप्पा सत्तरीचे. त्यांनी घास घ्यायच्या आधी डाव्या हाताचा तळवा भिंतीवरून फिरवला आणि म्हणाले, "गिलावा कुणी केला रं? ह्यो कोपरा काटकोनात न्हाई." सगळे हसले. दादा मागच्या अंगणात जाऊन बराच वेळ पाण्याच्या टाकीकडं बघत उभा होता.

मला त्या दिवशी खात्री पटली की दादाचं बरोबर आहे. आणि हेही कळलं की मला ते नको आहे. या दोन गोष्टी एकाच डोक्यात कशा मावतात ते मला अजून सांगता येत नाही. आमचा हॉल तसा लहानच आहे, पण डोक्यात जागा बरी आहे.

सांगलीत आलो तेव्हा भाड्याचं घर शोधतानाही दार भेटत राहिलं. आधी आडनाव विचारायचे, मग गाव. गावावरून अंदाज आला नाही तर, "गावात घर कुठल्या अंगाला?" मी म्हणायचो, "सगळ्या अंगाला, लय मोठं घर हाय." मग जागा नुकतीच गेलेली असायची. अकराव्या ठिकाणी हे चाचा भेटले, आमचे घरमालक. पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कणग्या करणारे. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. पाण्याची मोटर लावता येते का, आणि गाणी मोठ्यानं लावता का. म्हटलं, मोटर येते, गाणी लावत नाही, पण मी स्वतः मोठ्यानं बोलतो. चाचा म्हणाले, "चालतंय. मी दिवसभर पत्रा ठोकतो, मला तसंबी कमी ऐकू येतं." बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात ते एकदा म्हणाले होते, ही जागा विकतच घ्या, तुमच्याकडून जास्त मागणार नाही. मी विषय मगरीवर नेला.

तर मी खाली गेलो.

दादा स्कूटरवर बसला होता. त्याच्या मागं भिंतीवर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ, त्याच्या डोक्याच्या वीतभर वर. ती त्यानं अंगठ्यानं दाखवली.

"ह्या गावात पाणी येतंय. साताऱ्याला पाणी येतंय का?"

"न्हाई."

"मग?"

"दुसऱ्या मजल्यावर कुठं येतंय?"

"स्कूटर पव्हती की न्हाई?" तो म्हणाला. मग आवाज खाली आला. खाली म्हणजे पहिल्या मजल्यापर्यंतच गेला. "आईक. मगर-बिगर सांगायची न्हाई आज. वकिलासारखं फिरवायचं न्हाई. सही का करत न्हाईस ते एकदा खरं सांग, मग मी जातो."

मी शेजारच्या मोटरसायकलवर बसलो. बावीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडं तयार गोष्ट नव्हती. मग त्याला मी सात वर्षांचा असताना सोडलेल्या बंगल्याचं सांगितलं. पोर्चमधली पानं, मालकीणबाईंचं हसणं, दार. म्हटलं, दादा, माणसं तीच होती. दार बसलं आणि माणसं बदलली. मला माझं दार नको. माझ्या हातात दार आलं तर मी पण कुणालातरी पोर्चमध्ये बसवीन, मला माझा भरवसा न्हाई.

"मी बसिवलं का कुणाला?"

हे त्यानं इतक्या साध्या आवाजात विचारलं की गॅलऱ्यांतले लोक पुढं वाकले. त्यांना ऐकू आलं नव्हतं.

"न्हाई," मी म्हणालो. "तू न्हाई बसिवलंस."

दादानं कप थर्मासच्या झाकणाशेजारी ठेवला. मग जे बोलला ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण त्यात वाढवायला काही जागाच नाही.

"पोर्च मला आठवत न्हाई," तो म्हणाला. "मला येगळं आठवतंय. त्याच बंगल्यातनं निघताना तू चौकट धरली हुतीस. दोनी हातानं. जायाचं न्हाई म्हणून. आप्पांनी बोटं सोडिवली एकेक. तू रडत बाजेवर बसलास, भांड्यावर. मी गाडा वढत हुतो. तवाच म्या ठरिवलं, काय वाट्टेल ते हू दे, ह्याला घर घिऊन द्यायचं."

चौकट मला आठवत नव्हती. अजूनही आठवत नाही. मी आयुष्यभर गोष्टी रचल्या, आणि एकच खरी गोष्ट नेमकी दुसऱ्याकडं होती. एखाद्याच्या मनात आपण पन्नास वर्षं रडत बसलेले असतो आणि आपल्याला पत्ता नसतो. दादा ओव्हरटाइम करत होता तो स्वतःच्या दारासाठी, असं मी धरून चाललो होतो. अर्धा त्या भांड्यांवर बसलेल्या पोरासाठी होता.

सही करून टाकावी असं वाटलं. पेन खिशात होतं. मी जिभेनं कितीही फिरवाफिरवी केली तरी या माणसापुढं नाही म्हणायचं म्हणजे कठीण. पण मनात नसताना केलेली सही ही सगळ्यात मोठी थाप झाली असती, आणि मी थापाड्या असलो तरी भावाशी व्यवहारात नाही.

"दादा," मी म्हणालो, "दुसऱ्या दिवशी मी काय करत हुतो, ते आठवतंय का तुला?"

त्यानं विचार केला. 

"नव्या साईटवर," तो शेवटी म्हणाला. "वाळूत बोगदं करत हुतास. आई जेवाय हाक मारत हुती, येत नव्हतास."

"मी तोच हाय अजून. रडणारा एक दिवसाचा हुता, दादा. बोगद्यावाला राह्यला. मला पुढची साईट असली की बरं वाटतं. चाचा उद्या जा म्हणाले तर मी रडंन, आणि परवा दुसरीकडं बस्तान मांडंन. प्लॉट घेतला तर मला कुठं जाताच येणार न्हाई. त्यात तुझं काय चुकलं न्हाई. तुझ्या शेजारी यायला मला आवडंल. पण मालक हून न्हाई."

 त्याला पटलं का राग आला, ते कळेना, कारण आवाजावरून ओळखायची सवय, आणि आवाजच नव्हता. त्यानं थर्मास, कप आणि वरवंटा बादलीत ठेवला. बिस्किटं खाल्ली नव्हती, ती रुमालात बांधून खिशात घातली. दोरीला दोन हिसके दिले. बायकोनं बादली वर ओढली. मग तो गेटाकडं चालू लागला. वरून बायको म्हणाली, "दादा, जेवून जावा," तर मागं न बघता नुसता हात हलवला. मी स्टँडपर्यंत सोडतो म्हणालो, त्यालाही तोच हात.

गॅलऱ्या रिकाम्या झाल्या. लोकांची निराशा झाली असणार. मी वर आलो तर बायको चहाचा रिकामा कप हातात धरून उभी होती.

"काय झालं?"

"न्हाई म्हणालो."

तिनं कप धुतला, दुसऱ्यांदा धुतला. "दोन वर्षांनी माझी शाळा सुटंल," ती म्हणाली. "तवा मला इचारा. आज इचारू नका." तिला काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा अर्धंच कळलं.

दोन दिवस दादाचा फोन नाही. मी दूधवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, दूध घेतात, बोलत नाहीत. तिसऱ्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये लेथपाशी उभा असताना फोन वाजला. मशीन बंद केली नाही. दादाशी बोलताना गरज नसते.

"इसार दिला परत त्यानं," दादा म्हणाला. "भला माणूस. च्या बी पाजला."

"बरं झालं."

 साताऱ्याकडं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. एका माणसाचा भात शिजत होता.

"वरच्या मजल्याचं कुलूप काढलं आज," तो म्हणाला. "झाडून घेतला. पाली झाल्या हुत्या. भाड्यानं द्यावा म्हणतोय."

"दे की."

"आत्ता काय घाई न्हाई. दोन वर्षांनी बी चालंल. तुझ्या वळखीत कोण असलं तर बघ."

मी लेथ बंद केला. कामगार वळून बघायला लागले.

"बघतो," मी म्हणालो. "भाडेकरू कसा पायजे तुला?"

"गप बसणारा," दादा म्हणाला.